बाटलीवरची चिठ्ठी आणि आतला जंतू



गेल्या हनुक्काच्या आधी माझ्या मुलीचा मुलगा शाळेचा प्रकल्प घेऊन माझ्याकडे आला. विषय होता डॉ. खाइम वाइझमन, आपल्या राष्ट्राचे पहिले अध्यक्ष. मोठ्या पुठ्ठ्याच्या एका बाजूला त्याने वाइझमन यांचा फोटो चिकटवला होता, दुसऱ्या बाजूला काडीसारख्या दिसणाऱ्या एका जंतूचे चित्र. मध्ये हिब्रूत दोन वाक्ये होती. पहिले असे की, या खायदाकने ब्रिटनला पहिले महायुद्ध जिंकून दिले आणि त्याचे बक्षीस म्हणून आपल्याला बाल्फोर जाहीरनामा मिळाला. दुसरे असे की, २००१ साली शास्त्रज्ञांनी वाइझमन यांच्या याच खायदाकचा संपूर्ण जीनोम वाचून काढला. "सावता, बरोबर आहे ना?" त्याने विचारले.

सारे आयुष्य वह्या तपासण्यात गेलेल्या बाईला असे विचारू नये. मी त्याला म्हटले, "दोन दिवस थांब." कारण हीच गोष्ट मी आपल्या वृद्ध मंडळाच्या बैठकीत दहा वेळा तरी ऐकली आहे आणि दहाही वेळा टाळ्या वाजवल्या आहेत. म्हणून ही गोष्ट ज्यांनी ज्यांनी लिहिली, त्यांचे लेखन मी पुन्हा काढून वाचले. राजकारणी लॉईड जॉर्ज, नाटककार बर्नार्ड शॉ आणि स्वतः वाइझमन हे त्यातले तीन लेखक. चौथे लेखक म्हणजे जंतूंचे जीनोम वाचणारे शास्त्रज्ञ. या चौघांपैकी कोणी काय नीट सांगितले आणि कोणी काय झाकले, हे आज मला लिहायचे आहे.

आधी मूळ हकिगत थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफांना कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू लागत असे. ती करताना ॲसिटोन हा द्रव लागतो. तोपर्यंत ॲसिटोन लाकूड भट्टीत तापवून काढत आणि ब्रिटनला ते बरेचसे बाहेरून आणावे लागे. वाइझमन तेव्हा मँचेस्टरच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत होते. त्यांना एक जंतू सापडला होता. मक्याचा पिठूळ लगदा उकळून निवल्यावर त्यात हा जंतू सोडला की तो लगदा आंबतो आणि त्यातून तीन द्रव निघतात. त्यांचे प्रमाण साधारण असे, दहा भागांत तीन भाग ॲसिटोन, सहा भाग ब्युटेनॉल आणि एक भाग अल्कोहोल. आपल्या आयांनी इडलीचे पीठ किंवा भाकरीचे आंबील आंबवले, त्याच जातीचे हे काम. फरक एवढाच की या जंतूला हवा चालत नाही. १९१५ साली वाइझमन यांनी या कृतीचे पेटंट घेतले. लंडनमधल्या एका जिन गाळण्याच्या कारखान्यात मोठा प्रयोग झाला आणि पुढे कॅनडात आणि अमेरिकेतही कारखाने चालले. आपल्या नाशिकलाही त्या काळात ॲसिटोनचा कारखाना उभारण्यात आला होता. मका कमी पडू लागला तेव्हा, १९१७ साली, ब्रिटनमधल्या शाळेच्या मुलांना हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाखाली पडलेल्या, न खाता येणाऱ्या बिया गोळा करायला पाठवले. त्या कशाला हव्यात हे मुलांना सांगितले नव्हते.

आता पहिले लेखक, डेव्हिड लॉईड जॉर्ज. १९१५ साली ते दारूगोळा खात्याचे मंत्री होते, पुढे पंतप्रधान झाले. १९३३ पासून त्यांच्या युद्धाच्या आठवणींचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. त्यात ते सांगतात की, तुम्हाला काय मानसन्मान हवा असे त्यांनी वाइझमन यांना विचारले. वाइझमन म्हणाले की स्वतःसाठी काही नको, माझ्या लोकांसाठी काही करा. आणि यातूनच बाल्फोर जाहीरनाम्याचा उगम झाला, असा लॉईड जॉर्ज यांचा सूर आहे.

ही गोष्ट वाचायला फार गोड आहे. निःस्वार्थी विद्वान आणि उदार मंत्री, दोघेही शोभून दिसतात. पण लेखक म्हणून लॉईड जॉर्ज यांचा दोष असा की त्यांनी दोन वर्षांचे काम एका संभाषणात बसवले. जाहीरनामा निघाला २ नोव्हेंबर १९१७ रोजी. त्याआधी कित्येक महिने त्याचे मसुदे होत होते, बदलत होते, मंत्रिमंडळात त्यावर वाद होत होते. सर्वांत कडवा विरोध केला तो एडविन माँटेग्यू यांनी. ते स्वतः यहुदी होते आणि त्याच वर्षी हिंदुस्थानचे मंत्री झाले होते. ते नाव आपल्या वडीलमंडळींना शाळेतल्या इतिहासातून माहीत असेल, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतले माँटेग्यू ते हेच. बक्षीस द्यायचेच ठरले होते, तर एवढी भांडणे कशाला झाली असती? आणि बाल्फोर यांची वाइझमन यांच्याशी पहिली मोठी बोलणी झाली ती १९०६ साली मँचेस्टरमध्ये. तेव्हा ॲसिटोनचा विषयही नव्हता.

दुसरे लेखक जॉर्ज बर्नार्ड शॉ. १९३६ साली त्यांनी 'आर्थर अँड द ॲसिटोन' नावाची अगदी छोटी नाटिका लिहिली. आर्थर म्हणजे आर्थर बाल्फोर. त्यात सरकार वाइझमन यांना किंमत विचारते, पैसा आणि मानमरातब देऊ करते आणि वाइझमन जेरुसलेम मागतात. ही थट्टा आहे आणि चांगली थट्टा आहे. मला वाटते तिचा रोख वाइझमन यांच्यावर नाहीच. देशांचे भवितव्य किराणा मालासारखे तोलून देणाऱ्या साहेबलोकांवर तो आहे. पण थट्टेचे एक असते. सांगणारा हसत सांगतो, तिसरा ऐकणारा ती खरी धरून पुढे सांगतो. आपल्या मंडळात जी गोष्ट फिरते ती शॉ यांच्या गोष्टीच्या जास्त जवळची आहे. फक्त आपण त्यातले हसणे काढून टाकले आहे.

तिसरे लेखक स्वतः वाइझमन. त्यांचे आत्मचरित्र 'ट्रायल अँड एरर' १९४९ साली निघाले. हिब्रूत त्याचे नाव 'मासा उमाआस'. मी ते पुष्कळ वर्षांनी पुन्हा वाचले आणि मला एक गोष्ट फार आवडली. ज्या कथेत त्यांचाच सर्वांत मोठा गौरव आहे ती कथा ते स्वीकारत नाहीत. लॉईड जॉर्ज यांचे म्हणणे ते सौम्यपणे बाजूला सारतात. अल्लाउद्दीनचा दिवा घासला आणि राज्य मिळाले असे इतिहासात घडत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. भेटी, पत्रे, निराशा, पुन्हा भेटी, असा मोठा हिशेब ते मांडतात. मोठेपणाची कमान दारात उभी असताना तिच्याखालून न जाण्याचा हा संयम थोड्यांकडे असतो.

तरी या पुस्तकावर माझा एक आक्षेप आहे. राजकारणाच्या बाबतीत वाइझमन हिशेब चोख ठेवतात. जंतूच्या बाबतीत तेवढा तपशील देत नाहीत. हा जंतू शोधण्याच्या कामात आधी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले फेर्नबाख होते, मँचेस्टरचे प्राध्यापक पर्किन होते, कृत्रिम रबर करू पाहणारी एक इंग्रजी कंपनी होती. पुढे पेटंटवरून खटला झाला आणि १९२६ साली लंडनच्या कोर्टाने वाइझमन यांचे पेटंट वैध ठरवले. म्हणजे न्याय त्यांच्याकडे होता. पण वाचकाला प्रयोगशाळेतली नळीन् नळी दिसत नाही. जंतू कुठून आला, किती वेळा निवडला, बिघडला तर काय केले, हे जाणून घ्यायला सामान्य वाचकालाही आवडले असते. राजकारणातल्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकात शास्त्रज्ञ थोडा मागे राहिला आहे.

ही उणीव चौथ्या लेखकांनी भरून काढली. त्यांची भाषा मात्र रुक्ष आहे, तेव्हा मी ती साध्या शब्दांत सांगते.

प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबच लांब मजकूर असतो. तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो. तो पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणे म्हणजे जीनोम वाचणे. २००१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या जंतूच्या ८२४ क्रमांकाच्या वंशाचा जीनोम प्रसिद्ध केला. मुख्य मजकूर ३९ लाख ४० हजार ८८० अक्षरांचा. त्याशिवाय १ लाख ९२ हजार अक्षरांचे एक वेगळे कडे त्याच पेशीत असते. समजा, मोठी चोपडी आणि तिच्या शेजारी न शिवलेली एक सुटी वही. गंमत अशी की ॲसिटोन आणि ब्युटेनॉल करण्याची मुख्य कृती या सुट्या वहीत लिहिलेली आहे.

सुटी वही हरवते. जंतूंच्या पिढ्या लगद्यात वाढत राहिल्या की काहींच्या हातून हे कडे सुटते. असे जंतू जगतात, वाढतात, पण ॲसिटोन करत नाहीत. आणि त्यांना बीजाणूही करता येत नाहीत. बीजाणू म्हणजे जंतूची कवचाच्या आत झोपी गेलेली अवस्था, जी उकळत्या पाण्याचा चटका सोसते आणि कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकते. आता जुन्या कारखान्यांची रीत पाहा. नवे पीठ लावण्याआधी ते विरजण काही क्षण कडक तापवत आणि जे जगेल तेच पुढे वापरत. वाइझमन यांच्या कृतीतही हे तापवणे पुन्हा पुन्हा होते. ते का उपयोगी पडते ते त्या काळी कोणाला सांगता आले नसते. आता कळते. ज्याची वही हरवली त्याला कवच करता येत नाही, तो चटक्याने मरतो. वही सांभाळणारा उरतो. कारखान्यातल्या माणसांच्या हाताला जे कळले होते त्याचे कारण ऐंशी वर्षांनी अक्षरांत सापडले. वाइझमन यांच्या पुस्तकात मला जे हवे होते ते मला इथे मिळाले.

आता नातवाच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. हा ८२४ क्रमांकाचा वंश वाइझमन यांचा नव्हेच. तो १९२४ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात बागेच्या मातीतून वेगळा काढलेला आहे. जीनोम वाचणाऱ्यांनी हे आपल्या लेखात स्वच्छ लिहिले आहे. त्याच लेखात हेही आहे की तपासणीत हा वंश वाइझमन यांच्या ऐतिहासिक वंशाचा जवळचा नातलग ठरतो. नातलग असणे म्हणजे तोच असणे नव्हे. जंतूचे शास्त्रीय नावही वाइझमन यांनी ठेवलेले नाही. ते १९२६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एलिझाबेथ मॅकॉय या तरुण संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दिले.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. वाइझमन यांचे नाव एवढे मोठे झाले की जगभरच्या संग्रहांत, असे द्रव करणाऱ्या कितीतरी जंतूंच्या बाटल्यांवर क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम हीच चिठ्ठी लागली. दक्षिण आफ्रिकेत जर्मिस्टन गावी एक मोठा कारखाना १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत चालू होता. तिथले जुने वंश प्रा. डेव्हिड जोन्स यांनी जपून ठेवले. ते न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात काम करत. त्यांनी आणि इतरांनी डीएनए ताडून पाहिला तेव्हा एका नावाखाली चार वेगळ्या जाती निघाल्या. ब्रिटिश संग्रहातला ८०५२ क्रमांकाचा वंश तर किती वर्षे ॲसिटोब्युटिलिकम म्हणून प्रयोगशाळांत वापरला गेला, त्यावर शोधनिबंध लिहिले गेले. तो निघाला बायजेरिंकाय या दुसऱ्या जातीचा. त्याचा मजकूर सुमारे ६० लाख अक्षरांचा आणि द्रव करण्याची कृती सुट्या वहीत नव्हे, मुख्य चोपडीतच लिहिलेली. जर्मिस्टनच्या कारखान्यातला एक नावाजलेला वंशही २००१ साली वेगळ्या जातीत गेला. २०१७ साली जर्मनीत आणि इतरत्र काम करणाऱ्या संशोधकांनी अशा जुन्या कारखानदारी वंशांचे जीनोम एकमेकांशेजारी ठेवून वाचले. आता कोण कोणाचा कोण हे बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहे.

ते जुने प्रयोग खोटे ठरले का? नाही. जंतू काय करतो हे त्यांत नीट लिहिले होते. फक्त ते भलत्याच्या नावावर जमा झाले होते. याला कारण लबाडी नव्हती, मोठ्या नावाचा मोह होता. चौथ्या लेखकांचे मला मोठे वाटते ते हे, की त्यांनी आपल्याच शास्त्राच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि बदलल्या. त्यांच्या लेखनातला दोषही सांगते. त्यात माणूस नाही. कारखान्यातला कामगार नाही, बिया वेचणारी पोरे नाहीत. जाहीरनाम्याबद्दल तर ते एक अक्षर बोलत नाहीत, आणि बोलू नये हेच योग्य. जंतूच्या ३९ लाख अक्षरांत बाल्फोर यांचे नाव कुठेच नाही.

हे सारे मी आपल्या मासिकात का लिहिते आहे ते सांगते. चिठ्ठी आणि आतला माल यांचा अनुभव आपल्या समाजाला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त आहे. कोकणात शेजाऱ्यांनी आपल्याला 'शनवार तेली' म्हटले. नाव त्यांनी ठेवलेले, पण त्यात एक खरी गोष्ट होती, हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवतात. इथे आल्यावर आपल्या लग्नांच्या बाबतीत शंका काढली गेली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे जाहीर केले. त्यानंतर बावन्न वर्षांनी, २०१६ साली, तेल अवीव आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींचे जीनोम अभ्यासले आणि आपल्यात मध्यपूर्वेच्या यहुदी पूर्वजांचा आणि हिंदुस्थानी पूर्वजांचा, दोन्हींचा वारसा आहे असे लिहिले. तेव्हा मंडळात काही जण म्हणाले, "आता सिद्ध झाले." मला आनंद झाला, पण ते म्हणणे पटले नाही. अभ्यासाने पूर्वजांबद्दल एक गोष्ट सांगितली आणि ती चांगली सांगितली. नौगावच्या किनाऱ्याला फुटलेले गलबत त्या अक्षरांत नाही. शेमा तोंडपाठ ठेवणाऱ्या आज्याही त्यांत नाहीत. मलीद्याचे ताट आणि एलियाहू हन्नाबीचे गाणे तर त्यांत कुठून असणार? आणि १९६४ साली धरणे धरणाऱ्यांनी अशा कुठल्याही अहवालाची वाट पाहिली नव्हती.

म्हणून मला 'बक्षीस' ही गोष्ट आवडत नाही. ती ऐकायला गौरवाची वाटते, पण तिचा अर्थ असा होतो की इतक्या लोकांची इतक्या वर्षांची खटपट म्हणजे एका द्रवाची किंमत. वाइझमन यांनीच ती किंमत घ्यायला नकार दिला असताना आपण ती त्यांच्या पदरात का घालावी? ॲसिटोनमुळे वाइझमन यांना मोठ्या लोकांची दारे उघडी झाली, हे खरे आहे आणि ते सांगावे. दाराच्या आत गेल्यावर जे झाले ते वेगळे सांगावे.

वाचकांना माझी शिफारस अशी. ज्यांना इंग्रजी किंवा हिब्रू वाचता येते त्यांनी वाइझमन यांच्या आत्मचरित्रातली युद्धाची प्रकरणे जरूर वाचावीत. शॉ यांची नाटिका हसण्यासाठी वाचावी. लॉईड जॉर्ज यांच्या आठवणी हातात पेन्सिल घेऊन वाचाव्यात. जीनोमचे शोधनिबंध आपल्याला जड जातील, पण ज्यांची नातवंडे विद्यापीठात जीवशास्त्र शिकतात त्यांनी एक संध्याकाळ त्यांना जवळ बसवून विचारावे. माझ्या एका भाचीने मला असेच समजावले आणि चहाचे तीन कप होईपर्यंत माझे प्रश्न सोसले.

नातू दोन दिवसांनी परत आला. आम्ही दोघांनी बसून वाक्ये बदलली. पहिल्यात आता लिहिले आहे की वाइझमन यांच्या कृतीने ब्रिटनच्या तोफांना ॲसिटोन पुरवले आणि त्यामुळे त्यांचे म्हणणे वरच्या लोकांपर्यंत पोहोचले. दुसऱ्यात, २००१ साली वाइझमन यांच्या जंतूच्या एका जवळच्या नातलगाचा जीनोम वाचला गेला. पहिल्यापेक्षा वाक्ये लांब झाली आणि पुठ्ठ्यावर जागा कमी पडली. मग त्याने फोटो थोडा लहान केला.